डी. एन. रोड ते कुलाबा : सीएसएमटीपासून पायी काय पाहावं, कुठे जेवावं, रात्री कुठे बसावं

फोर्टातला_वाटाड्या (धागाकर्ता)

पुण्या-नाशिकहून एका दिवसासाठी येणारी मंडळी "दक्षिण मुंबईत काय बघू?" असं विचारतात आणि उत्तर मिळतं गेटवे, मरीन ड्राइव्ह, संपलं. मधला दादाभाई नवरोजी रस्ता टॅक्सीच्या काचेतून निघून जातो. म्हणून हा धागा. सीएसएमटी ते हुतात्मा चौक साधारण एक किलोमीटर, तिथून काळा घोड्यावरून रीगल सिनेमापर्यंत आणखी एक, पुढे गेटवे पाच-सात मिनिटं. न थांबता चाललं तर पाऊण तासात संपतं. नीट बघत, खात-पीत गेलं तर सकाळचे दहा ते रात्रीचे दहा पुरत नाहीत.

आधी रस्ता असा का दिसतो ते. इथे किल्ल्याची तटबंदी होती. १८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियरच्या कारकिर्दीत ती पाडली, जागा मोकळी झाली आणि जुन्या हॉर्नबी रोचा रुंद हॉर्नबी रोड, म्हणजे आजचा डी. एन. रोड झाला. १८९६ च्या बांधकाम नियमांनी इथल्या इमारतींना तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची पडवी सक्तीची केली. म्हणून वर कुठे गॉथिक टोकदार खिडक्या, कुठे ग्रीक खांब, कुठे घुमट असा सगळा वेगवेगळा कारभार असला तरी खाली कमानींची रांग बरीचशी सलग आहे. हा रस्ता बघायचा तो या दोन पातळ्यांवर. सावलीसाठी कमानीखालून चाला, पण इमारत बघायला समोरच्या फुटपाथवर जा. कमानीखालून इमारत दिसतच नाही, मोबाइलची कव्हरं तेवढी दिसतात.

माझा क्रम :

१) सीएसएमटी. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सचं काम, १८७८ ते १८८८. घुमटावर हातात मशाल घेतलेली 'प्रगती', फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह (ब्रिटन) आणि दुसरीकडे वाघ (हिंदुस्थान). कोरीव कामात जे.जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात आहे. दगडातले मोर, माकडं, पानं निवांत बघा. लोकलच्या तिकीट खिडक्यांच्या दालनात शिरल्यावर मान वर करायला विसरू नका, तिथून रोज लाखो लोक जातात आणि छत फार थोडे बघतात.

२) समोर महापालिका मुख्यालय, तेही स्टीव्हन्सचंच, १८९३. मनोरा २५५ फुटांचा. दोन रस्त्यांच्या बेचक्यात पाचरीसारखी जागा मिळाली होती, तिचा त्याने कसा उपयोग केला ते समोरून कळतं. पुढे फिरोजशहा मेहतांचा पुतळा.

३) डी. एन. रोडवर दक्षिणेकडे : १८९८ ची जे. एन. पेटिट वाचनालयाची इमारत, आणि वाच्छा अग्यारी (१८८१), जिच्या दाराशी माणसाचं तोंड असलेले पंखांचे बैल आहेत. अग्यारीत पारशी सोडून इतरांना प्रवेश नाही. रस्त्यावरून बघा, दारात उभं राहून आत कॅमेरा रोखू नका.

४) हुतात्मा चौक आणि फ्लोरा फाउंटन.

५) काळा घोडा, म्युझियम, रीगल, कुलाबा.

वाराबद्दल माझं ठाम मत : कामाचा दिवस निवडा. इथलं खाणंपिणं ऑफिसच्या घड्याळावर चालतं. रविवारी निम्मी भोजनालयं बंद असतात आणि मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास लोकल बंद) असतो तो वेगळा.

---

कमानीखालून

धागा छान. उजेडाचं गणित जोडतो, फोटो काढणाऱ्यांना लागेल.

सीएसएमटीचा दर्शनी भाग पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी सूर्य इमारतीच्या पाठीमागे असतो, त्यामुळे दहा वाजता काढलेल्या फोटोत आकाश पांढरं आणि इमारत काळवंडलेली येते. पालिका मुख्यालयाचं नेमकं उलट, तिथे सकाळचं ऊन समोरून पडतं. म्हणून सकाळी पालिका आणि दुपारी चारनंतर सीएसएमटी. एकाच फेरीत दोन्ही हवे असतील तर संध्याकाळी परत या. सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं सगळ्यांत चांगली : आकाशात निळा रंग शिल्लक असतो आणि इमारतीवरचे दिवे लागलेले असतात. डिसेंबरात ही वेळ सव्वासहाच्या आसपास येते, जूनमध्ये साडेसातच्या. पूर्ण अंधार झाला की दिव्यांचा रंग भडक येतो, नक्षी पुसली जाते.

पालिकेसमोर उंचावर बांधलेली बघ्यांची गच्ची आहे, तिथून सीएसएमटी पूर्ण चौकटीत बसतं. तिवई लावली की पोलीस हटकतात. मोबाइल कठड्यावर टेकवून काढा. ड्रोन उडवायचा विचारही नको.

दगडांचे रंग ओळखता आले तर मजा वाढते. पिवळसर तपकिरी तो मालाडचा, काळानिळा तो कुर्ल्याकडचा बेसाल्ट, फिकट मलईसारखा तो पोरबंदरचा चुनखडीचा. मालाडचा दगड कणखर, म्हणून भिंतींना. पोरबंदरचा मऊ, त्यावर बारीक नक्षी निघते, म्हणून खिडक्यांच्या चौकटी, खांबांची डोकी, जाळ्या यांना. झिजतोही तोच आधी. नाक-डोळे गुळगुळीत झालेले चेहरे दिसले की बहुतेकदा तिथे मऊ दगड असतो. काळा घोड्याचं डेव्हिड ससून वाचनालय (१८७०) हा मालाडच्या दगडाचा उत्तम नमुना.

---

बंदरावरची_मेधा

खाण्याचं मी लिहिते, कारण वेळ चुकली की इथे हात हलवत परतावं लागतं.

सकाळ. सीएसएमटीसमोर कॅपिटॉल सिनेमाच्या इमारतीत 'आराम'. १९३९ पासूनचं. वडापाव, साबुदाणा वडा, थालीपीठ, कोथिंबीर वडी आणि वर पीयूष. वडापावला गर्दी संध्याकाळी पाच ते सहा, ऑफिसं सुटताना. सकाळी तोच वडा निवांत मिळतो. बोरा बाजाराच्या बाजूला पेरीन नरिमन स्ट्रीटवर 'पंचम पुरीवाला'. दीडशे वर्षांहून जुनं ठिकाण आहे. साध्या पुऱ्या आणि बटाट्याची पातळ भाजी मागवा, पुरी ताटात येते तेव्हा फुगलेली असते. मसाला पुरी, पालक पुरीही असते, पण पहिल्यांदा साधीच खावी.

दुपार. फोर्टमध्ये गोमंतकी आणि मंगळुरी हे दोन्ही पंथ आहेत. गनबो स्ट्रीटवर (आता रुस्तम सिधवा मार्ग) 'प्रदीप गोमंतक'. जिच्या नावावरून हा रस्ता आहे ती गणबा शेटची मंडळी म्हणजे जगन्नाथ शंकरशेटांचे पूर्वज, जाता जाता लक्षात असू द्या. मंगळुरी हवं तर कावसजी पटेल स्ट्रीटवर १९७३ पासूनचं 'महेश लंच होम', हॉर्निमन सर्कलजवळ 'अपूर्वा'. गस्सी (नारळाच्या वाटणाची कालवणासारखी आमटी) आणि नीर डोसा.

वेळेचं गणित : पाऊण ते सव्वादोन ऑफिसची झुंबड. सव्वाबाराला पोहोचा, सगळे मासे असतात आणि जागाही मिळते. अडीचनंतर जागा मिळते, पण चांगली सुरमई संपलेली असते. साडेतीनला बरीच स्वयंपाकघरं आवरतात.

बोंबील मागवलात तर तो आल्या आल्या खा. बोंबलात पाणी फार असतं. स्वयंपाकी तो चिरून, मीठ लावून, वजनाखाली दाबून पाणी काढतात आणि मग रव्यात घोळवून तळतात. तरी उरलेलं पाणी पाच-सात मिनिटांत रवा मऊ करतं. थाळीतला भात-कढी आधी आणि बोंबील नंतर असं केलं तर हातात ओला रवा येतो, आणि लोक हॉटेलाला नावं ठेवतात.

१ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत पापलेट-सुरमई बहुधा बर्फातली. तेव्हा तिसऱ्या, खाडीचे खेकडे, सुकट याकडे वळावं.

पारशी. बॅलार्ड इस्टेटमधलं 'ब्रिटानिया' (१९२३), बेरी पुलाव. सीएसएमटीहून पंधरा मिनिटं चालत. दुपारीच जा आणि रोख पैसे जवळ ठेवा. हॉर्निमन सर्कलजवळ 'जिमी बॉय' (१९२५), तिथे लग्नाच्या पंगतीचं जेवण, पात्रानी मच्छी आणि लगन नु कस्टर्ड मिळतं. पात्रानी मच्छी केळीच्या पानात वाफवलेली असते, पान ताटातच सोडा, फाडून बाजूला टाकलं की चटणी त्यालाच चिकटून जाते.

---

सुट्टीतली_सफर

वाराबद्दल असहमत. लहान मुलं, वयस्कर माणसं बरोबर असतील तर रविवार सकाळच बरी. कामाच्या दिवशी कमानीखाली फेरीवाल्यांच्या मांडण्या दोन्ही बाजूंनी असतात, मधून जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. व्हीलचेअर किंवा बाबागाडी न्यायची तर अशक्य. रविवारी नऊच्या आत तोच रस्ता मोकळा असतो, दुकानांची शटर बंद असल्यामुळे कमानींचे खांब तळापर्यंत दिसतात. पालिका मुख्यालय आतून बघायची मार्गदर्शकासह फेरी २०२१ पासून शनिवार-रविवारी असते, ती कामाच्या दिवशी कशी साधणार? आगाऊ नोंदणी करा, ओळखपत्र न्या.

मेगाब्लॉकचा बाऊ नको. तो साधारण अकरा ते चारच्या दरम्यान असतो. नऊच्या आत या, चारनंतर जा. शिवाय भुयारी मेट्रो तीनची सीएसएमटी आणि हुतात्मा चौक ही स्थानकं ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहेत, अंधेरी-बीकेसीकडून येणाऱ्यांना लोकलची गरजच नाही. फक्त शेवटची मेट्रो रात्री साडेदहाच्या सुमारास सुटते, जेवण लांबलं तर परतीला तिचा भरवसा धरू नका.

सीएसएमटीच्या भुयारी मार्गाबद्दल : जिने पुष्कळ आहेत आणि चुकीच्या जिन्याने वर आलं की मध्ये वाहता रस्ता. खाली असतानाच पाट्या वाचून बाहेर पडा. गुडघे दुखणाऱ्यांनी भुयार टाळून सिग्नलवरून जावं.

---

फोर्टातला_वाटाड्या

पालिकेच्या फेरीचा मुद्दा रास्त आहे. मग अशी वाटणी करू : इमारतींसाठी येणाऱ्यांनी रविवार सकाळ, खाण्यासाठी येणाऱ्यांनी कामाचा दिवस. दोन्ही हवं असेल तर शनिवार. अर्धी ऑफिसं चालू असतात, भोजनालयं उघडी आणि गर्दी निम्मी.

हुतात्मा चौकाबद्दल थोडं सविस्तर, कारण तिथे लोक कारंज्याचा फोटो काढून पुढे जातात.

फ्लोरा फाउंटन १८६४ चं, किल्ल्याचं चर्चगेट जिथे होतं त्या जागी. आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉचा, मूर्तिकाम जेम्स फोर्साइथचं, दगड इंग्लंडहून आणलेला पोर्टलँडचा. खरं तर ते भायखळ्याच्या राणीबागेसाठी होतं. नंतर त्यावर रंगाचे थरावर थर चढवले गेले. दगडाला रंग लावला की आत मुरलेलं पाणी बाहेर पडत नाही आणि दगड आतून भुसभुशीत होतो. दुरुस्तीत ते थर काढून, झिजलेले भाग बसवून, पाण्याची यंत्रणा नवी करून जानेवारी २०१९ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. चारही कोपऱ्यांतल्या मूर्ती आणि खालचे शिंपले, मासे जवळून बघा.

त्याच्या शेजारी हातात मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार. २१ नोव्हेंबर १९५५ ला याच चौकात मोर्च्यावर गोळीबार झाला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात प्राण दिलेल्या १०६ हुतात्म्यांचं हे स्मारक. १ मे आणि २१ नोव्हेंबरला सकाळी इथे मानवंदना असते, त्या वेळी चौकाभोवतीची वाहतूक वळवतात. पर्यटकांच्या इंग्रजी पुस्तिका कारंज्याला अर्धं पान देतात आणि स्मारकाला एक ओळ. मराठी माणसाने मुलांना इथे पाच मिनिटं उभं करून हे सांगावं असं मला फार वाटतं. मुंबई महाराष्ट्रात आहे ती या चौकामुळे.

---

निळा_सिनेगॉग

काळा घोड्याचा भाग कुणी लिहिला नाही, म्हणून भरती.

'एस्प्लनेड मॅन्शन', म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल (१८६९). सगळा सांगाडा बिडाच्या लोखंडाचा, इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने आणून इथे जोडलेला. ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंच्या चलच्चित्रांचा देशातला पहिला खेळ इथे झाला. इमारत इतकी खिळखिळी झाली की २०१९ मध्ये रिकामी करून घ्यावी लागली. रस्त्याच्या पलीकडून बघा, सज्जाखाली उभे राहू नका.

जुना काळा घोडा, म्हणजे १८७९ चा ब्रिटिश राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा, १९६५ मध्ये हलवला, तो आता राणीबागेत आहे. चौकात दिसतो तो २०१७ चा, स्वाराविना. बाहेरगावचे लोक तोच जुना समजतात.

केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ (१८८४) : ओळखपत्राशिवाय आत सोडत नाहीत. शनिवारी शब्बाथ (ज्यूंचा विश्रांतीचा दिवस), तो दिवस टाळा. जहांगीर आर्ट गॅलरी अकरा ते सात, तिकीट नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय सव्वादहा ते सहा. त्याला तीन तास द्या, नाहीतर बाहेरून वास्तुकार जॉर्ज विटेटचा घुमट बघून पुढे जा. तासाभरात धावत बघण्यात काही हाती लागत नाही. स्वच्छ स्वच्छतागृहाची सोय संपूर्ण वाटेवर इथेच सगळ्यांत चांगली, मात्र तिकीट काढून आत गेल्यावर.

इथेच साईबाबा मार्गावर 'तृष्णा', खेकड्यांसाठी. खेकडा वजनावर असतो. मागवण्याआधी जिवंत खेकडा दाखवायला सांगा, वजन आणि दर दोन्ही विचारा. कवच धरून वजन होतं, खाण्याजोगं मांस त्याच्या निम्म्याहूनही कमी निघतं. किलोभराचा एक खेकडा दोघांना पुरेल, चौघांना नाही. कोकणात अमावास्येला भरलेला आणि पौर्णिमेला पोकळ असं म्हणतात. एवढं खरं की कात टाकल्यावर काही दिवस खेकडा हलका असतो, हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागला तरच घ्यावा.

---

बंदरावरची_मेधा

तृष्णाला रात्री जायचं तर टेबल आधी सांगून ठेवा.

---

रात्रपाळी

रात्रीचं मी सांगतो.

पहिली गोष्ट : डी. एन. रोड आठ-साडेआठला निजतो. ऑफिसं सुटली की कमानीखालचे फेरीवाले आवरतात, उपाहारगृहं बंद होतात. रात्रीचं बसणं-उठणं सगळं दक्षिणेला, रीगलच्या पलीकडे. नऊ वाजता हुतात्मा चौकात उभं राहून "इथे काहीच नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

अपवाद दोन. सीएसएमटीसमोर 'कॅनन'ची पावभाजी, उभ्याने खायची, रात्रीपर्यंत गर्दी. लोणी कमी हवं तर तव्यावर भाजी घेण्याआधी सांगा. एकदा गोळा पडला की तो बाजूला करता येत नाही. आणि जीपीओजवळ (मुख्य टपाल कार्यालय) 'कॅफे युनिव्हर्सल' (१९२१), रंगीत काचा, बियर आणि साधं जेवण. तिथे जाताना जीपीओचा घुमट दिव्यांत बघून घ्या, जॉन बेगने विजापूरच्या गोल घुमटावरून घेतलेला आहे. काम १९१३ ला पूर्ण झालं.

कुलाबा : रीगल (१९३३) समोरच 'मोंडेगार', भिंतीवर गोव्यातल्या लोटलीच्या मारिओ मिरांडांची चित्रं. ती नीट बघायची तर दुपारी तीन-चारला बसा, रात्री माणसांच्या डोक्यांपलीकडे भिंत दिसत नाही. पुढे 'लिओपोल्ड' (१८७१). २६/११ च्या गोळ्यांच्या खुणा तिथे राखल्या आहेत. पण तिथे माणसं गेली आहेत, बोट घालून फोटो काढायची ती जागा नव्हे. ताजच्या मागच्या गल्लीत 'गोकुळ', साधं परमिट रूम, दर आटोक्यात. त्याच गल्लीत 'बडे मियाँ' (१९४६), सीख कबाब आणि रुमाली रोटी. काळा घोड्याकडे परतताना भूक लागली तर 'अयूब'चे रोल.

नियम माहीत असू द्या. महाराष्ट्रात सौम्य बियर आणि वाइनला वय २१, बाकी दारूला २५. चेहऱ्यावरून तरुण दिसत असाल तर ओळखपत्र मागतात. बार दीडपर्यंत, शेवटची ऑर्डर एकच्या आसपास घेतात. जुनी परमिट रूम त्याआधीच आवरतात. २ ऑक्टोबर, अनंत चतुर्दशी, मतदान-मतमोजणीचे दिवस कोरडे. सहल ठरवण्याआधी कॅलेंडर बघा. बिलात सेवाशुल्क लावलं असेल तर ते ऐच्छिक असतं, नको असेल तर काढायला सांगता येतं.

---

पुणेकर_प्रवासी

माहितीपूर्ण धागा. दोन शंका. सामान कुठे ठेवायचं? आणि पावसाळ्यात ही फेरी जमेल का?

---

कमानीखालून

सामान : सीएसएमटीला लांबपल्ल्याच्या गाड्यांच्या बाजूला क्लोकरूम आहे. प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं आणि बॅगेला कुलूप हवं. साध्या चेनची, कुलूप न लागणारी बॅग घेत नाहीत. स्टेशनात शिरायच्या आधीच एक छोटं कुलूप घेऊन ठेवा.

पाऊस : कमानी आहेत त्या याचसाठी. सीएसएमटी ते हुतात्मा चौक बराच भाग कोरडा चालता येतो, फक्त आडव्या गल्ल्या ओलांडताना भिजता. दोन त्रास आहेत. कमानीतल्या गुळगुळीत फरश्या ओल्या झाल्या की रबरी चपला सटकतात. आणि कमानीच्या कडेला, दोन खांबांच्या मधोमध, वरच्या छज्ज्याचं पाणी धारेने पडतं, म्हणून भिंतीच्या अंगाने चाला. ओला दगड गडद होतो, पिवळ्या आणि निळ्या दगडांतला फरक जुलैत जितका उठून दिसतो तितका मे महिन्यात दिसत नाही.

---

रात्रपाळी

परतीचं राहिलं होतं. रीगलहून सीएसएमटी चालत पंचवीस-तीस मिनिटं, चर्चगेट वीस. कर्जत-कसाऱ्याच्या शेवटच्या लोकल सीएसएमटीहून बारा-सव्वाबाराच्या सुमारास सुटतात, चर्चगेटहून बोरिवलीची शेवटची एकच्या आसपास. वेळापत्रक बदलत राहतं, त्या दिवशीचं ॲपवर बघा आणि साडेअकराला बिल मागवा. रिक्षा या भागात नाहीत. काळी-पिवळी टॅक्सी मीटरने घ्या, मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरच्या रकमेवर पंचवीस टक्के जास्त हा अधिकृत दर आहे. गेटवेसमोर उभे असलेले टॅक्सीवाले ठोक रक्कम सांगतात. दोन मिनिटं चालत रीगलच्या चौकात आलात की मीटरवर येणारी चालती टॅक्सी मिळते.